पाऊल आणि पाढा : अल्झायमरच्या रुग्णांसाठी जोडव्यायाम

घरातील एखाद्या ज्येष्ठाची स्मरणशक्ती क्षीण होत चालल्याचे निदान झाले, की सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. एक आप्त सांगतो, रोज सकाळी तासभर चालायला न्या. दुसरा सांगतो, शब्दकोडी द्या, सुडोकू द्या, मेंदू रिकामा ठेवू नका. तिसरा बदाम, अक्रोड आणि ब्राह्मीची यादी हातात ठेवतो. हे सारे सद्भावनेने सांगितलेले असते. परंतु सहा महिन्यांनी त्या घरी जाऊन पाहावे, तर कोड्यांचे पुस्तक पहिल्या चार पानांनंतर कोरे असते, चालणे पावसाळ्यात बंद पडलेले असते आणि घरची मंडळी थकून गेलेली असतात. रुग्ण मात्र दिवसाचा बहुतेक काळ एकाच खुर्चीत बसून असतो.

गेल्या दोन-तीन दशकांतील संशोधनाने या प्रश्नाकडे पाहण्याची निराळी दिशा दिली आहे. शरीराचा व्यायाम आणि बुद्धीचा व्यायाम हे दोन स्वतंत्र कार्यक्रम न मानता त्यांची सांगड घालावी, असा तो विचार आहे. ही सांगड कशी घालावी, तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे. अवाजवी अपेक्षेने सुरू केलेला उपक्रम निराशेत संपतो आणि त्या निराशेची झळ शेवटी रुग्णालाच लागते.

काय आधी जाते, काय उशिरा

जर्मनीतील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला १९०१ मध्ये प्रथम तपासले. १९०६ मध्ये तिच्या निधनानंतर त्यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि आपली निरीक्षणे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील वैद्यकीय सभेत मांडली. मेंदूच्या पेशींच्या बाहेर साचलेली प्रथिनांची पुटे आणि पेशींच्या आत पडलेल्या तंतूंच्या गाठी या त्यांनी वर्णिलेल्या दोन खुणा आजही या आजाराची ओळख मानल्या जातात. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार त्यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमरचा वाटा असतो. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने साठीच्या पुढील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे अनुमान काढले.

या आजारात मेंदूचे सर्व भाग एकाच वेळी बाधित होत नाहीत. नव्या घटनांची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो. म्हणूनच सकाळी नाश्ता केला की नाही हे आठवत नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. हालचालींचे नियंत्रण करणारे भाग मात्र बऱ्याच उशिरापर्यंत टिकून असतात. वर्षानुवर्षे हातांत मुरलेली कामे, लहानपणी पाठ केलेले पाढे, स्तोत्रे, ओव्या आणि जुनी गाणी यांची स्मृती निराळ्या मार्गाने साठवलेली असते. ताज्या प्रसंगांच्या स्मृतीपेक्षा ती अधिक काळ साथ देते. मुलीचे नाव चटकन न आठवणारी आई तिच्यासमोर परात ठेवली तर कणीक सफाईने मळते, यात आश्चर्य नाही. जोडव्यायामाची सारी इमारत या टिकून राहिलेल्या क्षमतांवर उभी आहे. जे गेले त्याचा पाठपुरावा करण्यापेक्षा जे आहे त्याला रोज काम देणे, हे तिचे मूळ सूत्र होय.

शरीर चालते तेव्हा

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २० टक्के ऊर्जा त्याला लागते. रक्तपुरवठ्यातील सुधारणा किंवा बिघाड त्याला लगेच जाणवतो. चालण्याने रक्तदाब आणि रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, झोप सुधारते, मनाची उदासी कमी होते. या प्रत्येक गोष्टीचा विचारशक्तीशी संबंध आहे.

अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंश नसलेल्या १२० ज्येष्ठांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याने केवळ स्नायू ताणण्याचे हलके प्रकार केले. वर्षअखेर चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला, तर दुसऱ्या गटात तो घटलेला होता. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. मात्र ही माणसे निरोगी होती. निरोगी मेंदूत जे घडले तेच आजारी मेंदूत घडेल, असे गृहीत धरता येत नाही. वर्तमानपत्रांतील मथळे हा फरक अनेकदा विसरतात.

ओबू येथील पावले आणि टाळ्या

शरीर आणि बुद्धी यांना एकाच वेळी कामाला लावणाऱ्या प्रयोगांत जपानचे उदाहरण विशेष बोलके आहे. आइची प्रांतातील ओबू या शहरात वार्धक्यविषयक राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील संशोधकांनी तयार केलेल्या व्यायामप्रकाराला ‘कॉग्निसाइझ’ असे नाव आहे. बोधन आणि व्यायाम या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचा तो जोडशब्द आहे.

त्याचे साधे रूप असे. ज्येष्ठ मंडळी गोलाकार उभी राहतात. उजवे पाऊल बाजूला, परत जागेवर. डावे पाऊल बाजूला, परत जागेवर. प्रत्येक पावलाबरोबर मोठ्याने एक, दोन, तीन अशी मोजणी चालते. तीनने भाग जाणारा आकडा आला, की तो न उच्चारता टाळी वाजवायची. ऐकायला हे सोपे वाटते. करून पाहिल्यावर कळते, की पाय आकड्यांना चुकवतात आणि आकडे पायांना. मंडळी चुकतात आणि हसतात.

त्या केंद्राची शिकवण अशी, की अधूनमधून चूक होणे हे लक्षण चांगले आहे. सर्वांना बिनचूक जमू लागले, की क्रम बदलायचा, तीनऐवजी चारच्या पटीवर टाळी घ्यायची. पाठ झालेली क्रिया करताना मेंदूला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून ही तजवीज. तसेच पावलांची गती अशी ठेवायची, की श्वास किंचित वाढेल, पण बोलता येईल. हा प्रकार मुख्यतः स्मरणशक्तीत थोडी घट झालेल्या, परंतु अजून स्मृतिभ्रंश न झालेल्या ज्येष्ठांसाठी आखलेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

याच अवस्थेतील १७५ ज्येष्ठांवर कॅनडात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २० आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, काहींनी शारीरिक व्यायामाबरोबर संगणकावरील बुद्धीचा सराव केला. काहींना ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्राही दिली होती. तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा व्यायाम आणि बौद्धिक सराव दोन्ही करणाऱ्यांची बोधनचाचणी सरस ठरली. जीवनसत्त्वाच्या मात्रेने त्यात भर पडली नाही.

निदान झाल्यानंतर : खरे काय घडते?

येथवरचे चित्र आशादायक आहे. परंतु ज्या कुटुंबात अल्झायमरचे निदान आधीच झाले आहे, त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढचा आहे. अशा रुग्णांवर झालेल्या तीन चाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या, की उत्तर बरेच स्पष्ट होते.

पहिली इंग्लंडमधील. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ व्यक्ती तीत सहभागी होत्या. त्यांपैकी व्यायामगटाला चार महिने आठवड्यातून दोनदा व्यायामशाळेत बऱ्यापैकी जोमदार व्यायाम दिला गेला. या व्यक्तींची शारीरिक क्षमता वाढली, पण स्मृती आणि विचारशक्ती यांची घसरण मंदावली नाही. दैनंदिन व्यवहारांतही लक्षणीय फरक पडला नाही. केवळ घाम गाळण्याने हा आजार थोपत नाही, हे या मोठ्या आणि काटेकोर चाचणीने दाखवून दिले.

दुसरी चाचणी फिनलंडमधील, २०१३ सालची. जोडीदारासह स्वतःच्या घरी राहणारे २१० अल्झायमर रुग्ण त्यात होते. एका गटाकडे वर्षभर आठवड्यातून दोनदा, तासभर फिजिओथेरपिस्ट घरी जात असे. रुग्णाची गरज पाहून तो चालणे, ताकदीचे व्यायाम, तोल सांभाळणे आणि एकाच वेळी दोन कामे करण्याचा सराव घेत असे. दुसऱ्या गटाला केंद्रावर समूहाने व्यायाम दिला. तिसऱ्याला नेहमीची सेवा मिळत राहिली. वर्षभरात कार्यक्षमतेची घट तिन्ही गटांत झाली, पण घरी व्यायाम घेणाऱ्यांत ती सर्वांत मंद होती. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रसंगही कमी घडले. विशेष म्हणजे, व्यायामाचा खर्च धरूनही आरोग्यसेवा आणि सामाजिक सेवा यांवरील एकूण खर्च वाढला नाही.

तिसरी नेदरलँड्समधील, २०१९ सालची. स्मृतिभ्रंश असलेल्या ११५ व्यक्तींपैकी एका गटाने एका जागी बसवलेल्या सायकलचे पेडल मारताना समोरच्या पडद्यावर बुद्धीची कामे केली, दुसऱ्याने नुसती सायकल चालवली, तिसऱ्याने हलके ताण-शिथिलीकरण केले. १२ आठवड्यांनंतर सायकल चालवणाऱ्या दोन्ही गटांचा प्रतिसादाचा वेग सुधारला होता. स्मरणशक्तीत तशी सुधारणा दिसली नाही.

या तिन्हींचे तात्पर्य एकत्र वाचले, तर एक प्रामाणिक निष्कर्ष निघतो. निदान झालेल्या रुग्णाची हरवलेली स्मृती व्यायामाने, मग तो एकेरी असो वा जोडीचा, परत येते असे म्हणण्यास आधार नाही. तसा दावा करून महागडी यंत्रे वा वर्ग विकणाऱ्यांपासून सावध राहावे. पण रुग्णाला स्वतः उठता येणे, कपडे घालता येणे, स्वच्छतागृहापर्यंत आधाराविना जाता येणे, न पडणे, रात्री झोप लागणे, दुपारची चिडचिड कमी होणे, या गोष्टींसाठी नियमित, घरच्या वातावरणातला आणि रुग्णाच्या मापाने बेतलेला व्यायाम उपयोगी पडतो. एका खात्यातील शिल्लक वाढली नाही म्हणून सारा व्यवहार तोट्याचा ठरत नाही. स्वतःच्या हाताने जेवण्याचे आणखी एक वर्ष मिळाले, तर ते रुग्णाच्या आणि घराच्या दृष्टीने फार मोठे असते.

घरच्या घरी सांगड

आरंभापूर्वी डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब, गुडघे आणि चालू औषधे यांची तपासणी करून घ्यावी. डोळे आणि कान यांकडे तितकेच लक्ष द्यावे. चष्म्याचा नंबर बदललेला असेल वा ऐकू येत नसेल, तर रुग्णाला सूचना समजत नाहीत आणि घरच्यांना वाटते, आजार बळावला. पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. लादी ओली नसावी, पायपुसणी आणि विजेच्या तारा वाटेतून हलवाव्यात.

सुरुवातीच्या अवस्थेत उभ्याने आणि चालताना करण्याचे प्रकार शक्य असतात. ओबूची पावले येथे जशीच्या तशी घेता येतील. ज्यांना पाढे तोंडपाठ आहेत, त्यांनी प्रत्येक पावलाला बेचा वा पाचाचा पाढा म्हणावा. नंतर पाढ्यातील प्रत्येक तिसऱ्या आकड्याला टाळी. हलका चेंडू एकमेकांकडे टाकत ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळावे. ज्याच्या हाती चेंडू येईल त्याने एक फळ सांगायचे. टिपऱ्या घेऊन ठेका धरत गाण्यांच्या भेंड्या लावाव्यात. भाजी आणायला जाताना तीन जिन्नस लक्षात ठेवायचे, दुकानात ते स्वतः मागायचे आणि सुटे पैसे स्वतः मोजायचे, हाही पूर्ण जोडव्यायामच आहे. तो कुणी ‘व्यायाम’ म्हणून करत नाही, हाच त्याचा गुण.

मध्यम अवस्थेत बसून करण्याच्या कामांकडे वळावे. हात असलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीत बसून पाय आळीपाळीने उचलणे, गाण्याच्या तालावर टाळ्या, चेंडू झेलणे. मग हातांची कामे : मटार सोलणे, शेंगा फोडणे, तांदूळ निवडणे, फुलवाती वळणे, हार गुंफणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालून मोठे-छोटे वेगळे करणे. निवृत्त शिक्षकाला कागद लावायला द्यावेत, दुकान चालवलेल्याला नाणी वेगळी करायला द्यावीत, शिवणकाम केलेल्या बाईंना बटणे रंगानुसार लावायला द्यावीत. वेगळे करणे, जुळवणे, मोजणे ही बुद्धीची कामे आहेत आणि ती हातांतून घडतात. घडी वाकडी पडली तर पडू द्यावी. रुग्णादेखत ती उसकटून पुन्हा घालणे टाळावे.

पुढच्या अवस्थेत सूचना समजत नाहीत. तेव्हा सांगण्याऐवजी समोर बसून करून दाखवावे. परिचित गाणे लावून त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन हळूहळू हलवावेत, आधाराने उभे करावे, खोलीतल्या खोलीत चार पावले चालवावे. येथे बुद्धीचा व्यायाम म्हणजे ओळखीचा आवाज, ओळखीचा ताल आणि समोरचा चेहरा, एवढाच उरतो. तोही कमी नव्हे.

वेळ किती द्यावा? सर्वसाधारण ज्येष्ठांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद यांचे प्रकार सुचवते. रुग्णाने हा आकडा गाठलाच पाहिजे असे नाही. वीस मिनिटे, शक्यतो रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, हे पुरेसे आरंभबिंदू आहे. दहा-दहा मिनिटांचे दोन भाग केले तरी चालतात. सकाळची वेळ चांगली, कारण अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते. रुग्णाने उपवास करावा की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. निर्जळी उपवासाच्या दिवशी व्यायाम घेऊ नये, कारण शरीरातील पाणी कमी झाले की गोंधळ आणि भोवळ दोन्ही वाढतात.

चालताना बोलावे का?

जोडव्यायामाचा एक धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण गाजलेल्या निरीक्षणात निवासगृहातील ५८ ज्येष्ठांना चालवत नेताना सोबतीने सहज बोलणे सुरू केले. १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांपैकी १० जण पडले. याचा अर्थ असा, की त्यांचे सारे लक्ष चालण्यातच खर्च होत होते. दुसऱ्या कामासाठी ते शिल्लक नव्हते.

घरच्या मंडळींना ही उत्तम कसोटी आहे. रुग्ण चालताना सहज बोलत असेल, तर त्याच्याकडून चालताना मोजणी करून घेता येईल. बोलण्यासाठी तो थांबत असेल, तर त्याला थांबू द्यावे. रस्ता ओलांडताना वा जिना उतरताना त्याला काही विचारू नये. बुद्धीची कामे त्याला बसूनच द्यावीत. चालणे आणि मोजणे दोन्ही एकत्र झालेच पाहिजे, हा हट्ट येथे हाड मोडण्यापर्यंत जाऊ शकतो.

छातीत दुखणे, धाप, भोवळ असे काही जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवावा. तसेच एक-दोन दिवसांतच रुग्णाचा गोंधळ एकदम वाढला, तर तो मूळ आजाराचा टप्पा समजून स्वस्थ बसू नये. लघवीतील जंतुसंसर्ग, एखादे नवे औषध अथवा पाण्याची कमतरता यांमुळे असे घडते आणि त्यावर उपचार असतात.

परीक्षा नको, सोबत हवी

सर्वांत अवघड भाग व्यायामाचा नाही, तो घेणाऱ्याच्या स्वराचा आहे. बुद्धीला चालना द्यायची म्हणून घरोघर प्रश्नांची फैर झडते. “आई, आज कोणता वार?” “आजोबा, ओळखा पाहू मी कोण?” “आत्ताच सांगितले ना, तरी विसरलात?” विचारणाऱ्याला वाटते, आपण सराव घेत आहोत. उत्तर न सापडणाऱ्या माणसाला मात्र दिवसातून दहा वेळा अनुत्तीर्ण केले जाते. प्रसंग तो विसरतो. अपमानाची भावना मात्र विसरत नाही, ती मागे रेंगाळते. दुसऱ्या दिवशी तो चेंडूला हातच लावत नाही, आणि घरचे म्हणतात, “यांना इच्छाच नाही.”

ब्रिटनमध्ये २००३ साली २०१ रुग्णांवर पारखलेली एक गट-उपचारपद्धती या बाबतीत मार्गदर्शक आहे. सात आठवडे, आठवड्यातून दोन, अशा १४ बैठका. प्रत्येक बैठकीची सुरुवात गाण्याने आणि मऊ चेंडूच्या खेळासारख्या हलक्या हालचालीने, मग खाद्यपदार्थ, बालपण, पैशांचा वापर अशा एखाद्या विषयावर गप्पा. तिचे एक मुख्य तत्त्व असे, की माहिती विचारू नये, मत विचारावे. मताला चूक वा बरोबर नसते. या पद्धतीने सौम्य ते मध्यम अवस्थेतील रुग्णांच्या बोधनचाचणीत आणि जीवनाच्या गुणवत्तेत सुधारणा आढळली. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस आहे. चेन्नईतील ‘स्कार्फ’ या संस्थेने ती भारतीय परिस्थितीला अनुरूप करून वापरली आहे.

घरातही हे सहज जमते. जुना फोटो पुढे करून “हा कोण?” असे विचारण्याऐवजी म्हणावे, “आई, हा बघा आपला अंगणातला फोटो. शेजारी मावशी आहेत. यातली कोणती साडी तुम्हाला जास्त आवडते?” वार विचारण्याऐवजी सांगावा : “आज सोमवार, बाहेर पाऊस आहे. चहात आले घालू की वेलची?” बुद्धीला काम मिळते, हातात आले किसायला दिले तर हातांनाही मिळते, आणि मान राहतो. गटाने केलेल्या खेळात घरातील सर्वांनी मुद्दाम चुकून हसावे. सगळेच चुकत असतील, तर एकट्याचे चुकणे डोळ्यांत भरत नाही.

सांभाळणाऱ्यासाठी

फिनलंडमध्ये व्यायाम घ्यायला प्रशिक्षित माणूस घरी येत होता. आपल्याकडे हे काम बहुधा पत्नी, सून वा मुलगी यांच्या पदरात पडते, आणि तेही स्वयंपाक, औषधे, आंघोळ यांच्या जोडीने. दिवसाची वीस मिनिटे ही त्यांच्या कामांत आणखी एक भर न होता त्यांची सुटका व्हावी, अशी योजना करावी. सकाळची पावले मुलाने घ्यावीत, संध्याकाळच्या भेंड्या नातवंडांनी लावाव्यात, रविवारचे चालणे शेजाऱ्याने स्वीकारावे. त्या वेळात सांभाळणारीने स्वतः जरा पडावे, फिरून यावे, मैत्रिणीशी बोलावे. तिची पाठ आणि झोप शाबूत राहिली, तरच बाकीचे सारे टिकेल.

एक छोटी वही ठेवावी. तारीख, काय केले, किती वेळ, मनःस्थिती कशी होती, रात्रीची झोप, पडण्याचा प्रसंग, इतकीच नोंद एका ओळीत. गुण वा टक्के लिहू नयेत. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर “बरे आहेत” किंवा “काही फरक नाही” या मोघम उत्तरांपेक्षा तिचा उपयोग अधिक होतो. कोणत्या वेळी चिडचिड वाढते, कोणते काम ते हौसेने करतात, कोणते टाळतात, हे तीतून घरच्यांनाही कळू लागते. मदत हवी असेल, तर केंद्र शासनाची ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. १९९२ मध्ये केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे कामही अनेक शहरांत पोहोचले आहे.

हा आजार उतरणीचा आहे. काही महिन्यांनी उभ्याची पावले खुर्चीत बसून घ्यावी लागतील, बेचा पाढा सुटून नुसती टाळी उरेल. तो बदल आला की मापही बदलावे आणि जे उरले आहे त्यातून दुसऱ्या दिवशीचा खेळ नव्याने मांडावा. तीनच्या पटीवर टाळी चुकली म्हणून वर्ग थांबत नाही, हे ओबूच्या ज्येष्ठांनी ठरवून घेतले आहे. घरातही तेवढे ठरवता आले, तर रुग्ण दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडूला हात पुढे करतो.